कौलं, वासे आणि विम्याची फाइल: तौक्तेच्या वर्षातल्या प्रकल्प नोंदी

काम: वाडीतल्या कौलारू घरांची मोजमापं, छपरांच्या नोंदी, गृहविमा आणि पुढे वादळानंतरचे दावे
ठिकाण: दापोली तालुका, हर्णैच्या उत्तरेकडची किनारपट्टी

5 एप्रिल 2021, सोमवार

काम आजपासून सुरू. मागच्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दुपारभरात आमच्या तालुक्यातली छपरं उडवून गेलं. सरकारनं तेव्हा मदतीचे दर वाढवले. अंशतः पडझड झालेल्या घराला 6 हजारांऐवजी 15 हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. त्या पैशाचा आधार मोठा होता. पण ज्याच्या घराचं एक अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, गेलं, त्याला 15 हजारांत सुताराची मजुरीसुद्धा पुरी पडली नाही. बाकीचे पैसे कुणी दागिने ठेवून उभे केले, कुणी मुंबईच्या भावाकडून आणले, तर कुणी कौलांच्या जागी ताडपत्री घालून पावसाळा काढला.

वाडीत विमा नसलेली घरं किती, हे विचारावं लागतच नाही. विमा असलेलं घर मात्र शोधावं लागतं. गाडीचा विमा सगळ्यांकडे आहे, कारण त्याशिवाय पोलीस पकडतात. घराचा विमा काढायला कुणी सांगत नाही.

या महिन्यात हे काम हातात घ्यायला कारणही आहे. विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाईच्या आदेशानं 1 एप्रिलपासून आगीचा विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागणार आहे. कंपनी कुठलीही असली तरी मूळ मजकूर तोच. आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड, बाहेरून काही आदळून होणारं नुकसान, दंगल, हे सगळं त्यात धरलेलं आहे. म्हणजे झाड कोसळून छप्पर मोडलं तरी ते बसतं. वादळानंतर उघड्या पडलेल्या घरात 7 दिवसांच्या आत त्यामुळेच चोरी झाली तर तीही बसते.

सुरुवात आमच्या घरापासून. मग आळीतली जी घरं तयार होतील ती.

10 एप्रिल 2021

विमा रक्कम काढण्यात दिवस गेला. सगळा गोंधळ इथेच होतो म्हणून सविस्तर लिहितो.

घराची ‘किंमत’ किती धरायची, असा प्रश्न जो तो विचारतो. वरच्या आळीतले काका म्हणाले, “जागेसकट चाळीस लाख तरी लाव की.” जागा वादळात उडत नाही. विमा बांधकामाचा असतो. या पॉलिसीत रक्कम काढायची रीत सरळ आहे: घराचं चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये मोजायचं आणि आज तसंच घर बांधायला प्रति चौरस मीटर जो खर्च येईल त्यानं गुणायचं. आमचं घर 92 चौरस मीटर. चिऱ्याच्या भिंती, सागाचे आणि किंजळाचे वासे, मंगलोरी कौलं. दर 17,500 धरला. झाले 16 लाख 10 हजार.

पडवी चटईक्षेत्रात येत नाही. ती वेगळी मोजून वेगळी लिहायची, कारण कोकणातल्या वादळात पहिली जाते ती पडवीच. समोर उघडी, वर पत्रा, आणि वारा थेट पोटात शिरतो. 28 चौरस मीटर, 8 हजारांचा दर, 2 लाख 24 हजार. कुंपणाची गडग्याची भिंत, न्हाणीघर, पाण्याची टाकी हीसुद्धा नावानिशी लिहून घेतली.

घरातल्या सामानाला वेगळी यादी लागत नाही. इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख, सर्वसाधारण सामान आपोआप धरलं जातं. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तू त्यात नाहीत, त्यांचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

काकांचं पुढचं म्हणणं होतं की रक्कम निम्मी लावू, हप्ता कमी बसेल. हप्ता मुळात वर्षाला हजाराच्या आसपास आहे. त्यात वाचणार ते काय? एक मात्र खरं की या नव्या पॉलिसीत रक्कम थोडी कमी लागली म्हणून दावा त्या प्रमाणात कापत नाहीत. जुन्या पॉलिसीत कापत. तरी रक्कम पूर्णच लावायची असं ठरवून घेतलं. घर सगळंच पडलं तर लावलेल्या रकमेच्या वर कुणी देत नाही.

18 एप्रिल 2021

संचारबंदी आहे, त्यामुळे सगळे घरीच. शाकारणीचे, म्हणजे पावसाळ्याआधी कौलं परतून घ्यायचे, दिवस असल्यानं छपरावर चढायला निमित्त मिळालं आणि आजचा दिवस फोटोंना दिला.

पद्धत ठरवली. प्रत्येक घराची दोन्ही पाखी बाहेरून, चारही कोपऱ्यांतून. आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, ओळ जवळून. वळचणीच्या कडेचा फोटो, कारण वारा तिथूनच कौल उचलायला लागतो. आतून माळ्यावर जाऊन प्रत्येक वाशाचा एक फोटो, वाशावर खडूनं क्रमांक घालून. ज्या वाशाला वाळवी लागलीय त्याचाही. वाळवीचा फोटो काढताना काकू बिचकल्या. “तो कशाला दाखवायचा रे? पैसे नाही देणार मग.” त्यांना समजावलं की त्या दोन वाशांचे पैसे तसेही मिळायचे नाहीत. विमा वादळानं केलेलं नुकसान भरतो, वर्षानुवर्षांची झीज, कुजणं, वाळवी भरत नाही. पण दोन वासे खराब होते हे आपणच आधी दाखवलं, तर उरलेले चांगले होते हेही त्याच फोटोंतून सिद्ध होतं. नाहीतर वादळानंतर मोडलेल्या लाकडाच्या ढिगाकडे बघून कुणीही म्हणेल, सगळंच जुनं होतं.

या प्रकल्पात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. जुनेपण कुठे संपलं आणि वादळ कुठे सुरू झालं ही रेष कुणीतरी आखणारच. ती वादळाआधी, धड उभ्या छपरावर, घरमालकानं आखून ठेवायला हवी.

थोडा हिशेबही इथे लिहून ठेवतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 110 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 30 मीटरच्या थोडा वर, वेगाचा वारा एका चौरस मीटरवर साधारण 57 किलो वजनाएवढा दाब टाकतो. 120 ला तोच 68 पर्यंत जातो. रिपांसकट, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांसकट, मंगलोरी कौलांचं छप्पर चौरस मीटरला 65 किलोच्या आसपास भरतं. म्हणजे निसर्गच्या झोतांना छपराचं वजन आणि वाऱ्याची ओढ बरोबरीला आली होती, आणि आढ्याला नि कडांना ओढ सरासरीपेक्षा जास्त असते. तिथली कौलं आधी उचलली गेली, त्या भोकांतून वारा आत शिरला, मग पाखं आतूनही ढकललं गेलं. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला पाच किलोसुद्धा भरत नाही. तो निव्वळ बोल्टांच्या जिवावर उभा असतो. म्हणून कौलं एकेक करून जातात आणि पत्रे अख्खे, पाइपासकट.

27 एप्रिल 2021

आमची पॉलिसी हातात आली. आळीतली आणखी काही घरं अर्जापर्यंत पोचली, पण अडली, आणि सगळी एकाच कारणानं: घर कुणाच्या नावावर?

ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर आजोबांचं नाव. आजोबा वारले त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली. घरपट्टी भरतो धाकटा मुलगा, जो इथे राहतो. थोरले दोघे मुंबईला, बहीण पुण्याला. नुकसान झालं तर ते सगळ्यांचं, आणि विमा एकट्याच्या नावावर काढला तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच येणार की तुझा हिस्सा किती. एजंट म्हणत होता, “घरपट्टीची पावती आहे ना, चालतंय.” काढताना चालतं, घेताना चालत नाही. वारस नोंदी होईपर्यंत थांबणं म्हणजे दोन-तीन पावसाळे. म्हणून मार्ग असा काढला की सगळ्या हिस्सेदारांची नावं पॉलिसीत घालायची आणि पैसे एकाच्या खात्यात जमा करायला बाकीच्यांची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवायची. संचारबंदीत सह्या गोळा होणं अवघड आहे. दोन घरांच्या झाल्या.

अर्जात भिंत कशाची, छप्पर कशाचं हे विचारलेलं असतं. तिथे जे आहे ते लिहिलं. मागच्या पडवीला अजून पेंढ्याचं छप्पर असलेलं एक घर आहे, तेही तसंच लिहिलं.

15 मे 2021, शनिवार

अरबी समुद्रात वादळ. नाव तौक्ते, म्यानमारनं दिलेलं. किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे जाणार असं हवामान खात्याचं म्हणणं. बोटी हर्णै बंदरात आल्या आहेत.

दिवसभर वळचणीची कौलं तारेनं बांधली. मंगलोरी कौलाला मागे त्यासाठी भोक असतंच, ते वापरायचं आपण सोडून दिलंय. पडवीच्या पत्र्यांवर वाळूच्या गोणी. छपराला लागलेल्या आंब्याच्या फांद्या उतरवल्या. संध्याकाळी सगळ्या घरांचे पुन्हा फोटो घेतले, तारीख दिसेल असे, आणि नेटवर्क आहे तोवर पुण्याला बहिणीकडे पाठवले.

17 मे 2021

रात्रभर वारा. पहाटेपर्यंत कुणी झोपलं नाही. माणसं सगळी सुखरूप.

आमचं समुद्राकडचं पाखं चार ब्रासभर, म्हणजे चारशे चौरस फूट, उघडं पडलं. बांधलेली कडेची ओळ जागेवर आहे, फुटलं ते आढ्याकडून. सात वासे मोडले, त्यात खुणेचे ते वाळवीवाले दोन. पडवीचा एकही पत्रा जागेवर नाही, एक शेजारच्या माडाच्या शेंड्यात अडकलाय. आत माजघरात पाणी, गाद्या, तांदळाची पिंपं, वायरिंग भिजलं. काकूंच्या घरावर माड आडवा. पेंढ्याची पडवी असलेल्या घराचं मूळ कौलारू छप्पर मात्र जवळजवळ शाबूत.

वीज नाही, फोन नाही.

19 मे 2021

कंपनीला कळवणं हे पहिलं काम. वाडीत रेंज नाही म्हणून दापोलीला जाऊन सगळ्यांच्या वतीनं मेल आणि मेसेज केले. पॉलिसी क्रमांक, घराचा पत्ता, घटनेची तारीख नि वेळ, ढोबळ नुकसान, दोन फोटो. पोच म्हणून आलेला दावा क्रमांक वहीत उतरवला. फोनवरच्या मुलीनं सांगितलं, “सर्वेअर येईपर्यंत काही हलवू नका.” सर्वेअर म्हणजे नुकसान मोजायला कंपनी नेमते तो सर्वेक्षक. पण हे अर्धवट सांगणं आहे. पॉलिसीतच लिहिलंय की नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं घरमालकाचं कर्तव्य आहे. पाऊस दारात असताना उघडं पाखं तसंच ठेवलं तर आतल्या भिंतीही जातील, आणि मग तुम्ही का झाकलं नाही असं विचारतील. आम्ही आधी सगळं फोटो-व्हिडिओत धरलं, नंतर ताडपत्री ओढली, ताडपत्रीच्या पावत्या ठेवल्या. फुटकी कौलं आणि मोडके वासे फेकले नाहीत, अंगणाच्या एका कडेला क्रमांकासकट रचले.

22 मे 2021

तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले. माणसं थकलेली, पण प्रत्येक घरात गेली. सरकारी पंचनामा आणि विम्याचा सर्व्हे ही दोन वेगळी कामं आहेत हे आज घरोघर सांगत फिरलो. पंचनाम्यात नुकसान टक्क्यात लिहितात, किमान 15 टक्के असेल तर मदत. विम्यात रुपयांत मोजतात. एक झालं म्हणून दुसरं होत नाही. पण पंचनाम्याची प्रत विम्याच्या फाइलमध्ये जोडायची, कारण त्या तारखेला, त्या कारणानं घर पडल्याचा तो सगळ्यात भक्कम कागद आहे. हवामान खात्याची त्या दिवसांची वादळाची पत्रकंही उतरवून घेतली.

25 मे 2021

आज खालच्या आळीतल्या दादांकडे वेगळंच निघालं. त्यांनी 2019 साली घर वाढवायला बँकेचं कर्ज घेतलं होतं. “आपला नाही बाबा विमा,” असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. कर्जाची फाइल बघायला मागितली. आत पॉलिसी. कर्ज देताना बँकेनं काढून घेतलेली, हप्ता कर्जातच धरलेला, सही त्यांचीच. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे मागच्या वर्षी निसर्गच्या वेळीही होता?” होता. तेव्हाचा दावा केलाच नाही.

त्या कागदाकडे बघताना वाईट वाटलं. घरकर्ज असलेल्या प्रत्येकानं आज रात्रीच आपली फाइल उघडावी. मी उद्यापासून आळीतल्या प्रत्येक कर्जदाराच्या घरी जाणार आहे.

दादांचा दावा कळवला. मात्र ती पॉलिसी जुन्या नमुन्याची आहे आणि रक्कम कर्जाएवढी, 9 लाख. घर आज बांधायला 18 लाख लागतील. जुन्या नमुन्यात सरासरीचं कलम असतं, म्हणजे निम्म्या रकमेचा विमा असेल तर नुकसानीचेही निम्मेच पैसे. दादांना आजच स्पष्ट सांगितलं, नंतर धक्का नको.

29 मे 2021

सर्वेक्षक प्रत्यक्ष आले. नियमाप्रमाणे दावा कळवल्यापासून 72 तासांत नेमणूक व्हायला हवी होती. उशीर झाला, पण सगळा जिल्हाच पडलाय, वर संचारबंदी आणि ई-पास. काही घरांची पाहणी त्यांनी आधी व्हिडिओवरच केली होती.

माणूस जाणकार होता. मोडक्या वाशाचं तोंड बघून सांगत होता की हा वाऱ्यानं मोडलाय, तोंड पांढरं नि रेषा लांब, आणि हा आधीच गेला होता, भुसा पडतोय. आमचे क्रमांक घातलेले वासे आणि एप्रिलचे फोटो शेजारी ठेवले. दोन वासे त्यांनी वगळले, पाच धरले. वाद झालाच नाही. शेजारच्या गावात असे फोटो नसलेल्या घरी त्यांनी सगळंच लाकूड ‘जुनं’ म्हणून लिहिलं, हे तिथल्या मालकाकडून नंतर कळलं.

काकूंचा माड हा सोपा दावा. बाहेरून आदळलेली वस्तू. माड कुणाच्या हद्दीतला हे त्यासाठी बघत नाहीत. माड तोडून हलवायचा खर्च ढिगारा हटवण्याच्या कलमात, दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत.

5 जून 2021

मान्सून हर्णैला पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. म्हणजे आमच्या डोक्यावरच. ताडपत्र्या टिकून आहेत.

सरकारनं निसर्गच्या वेळचे वाढीव दर याही वेळी लावले आहेत, यादीत वाडीतली बहुतेक घरं आली.

12 जून 2021

दाव्याचे अर्ज पूर्ण करून पाठवले. नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांत हे व्हायला हवं.

आमच्या घराचा अंदाज असा. मंगलोरी कौलं ब्रासला दीडशे या हिशेबानं 600, प्रत्येकी 32 रुपये, 19,200. आढ्याची कौलं 24, 1,440. वासे-रिपांचं लाकूड 41,000. पडवीचे पत्रे, पाइप, बोल्ट 38,500. सुतार आणि मजुरी 22,000. भिजलेलं सामान नि वायरिंग 14,000. एकूण 1 लाख 36 हजार 140. यात वाळवीचे दोन वासेही दाखवले आणि शेरा घातला की हे वगळले जातील, म्हणजे हिशेब लपवलेला वाटत नाही. वासे भिंतीला बांधायच्या लोखंडी पट्ट्या मात्र अंदाजात घातल्या नाहीत. त्या पूर्वी नव्हत्या. विमा छप्पर होतं तसं करून द्यायला बांधील आहे, होतं त्याहून मजबूत करायला नाही. पट्ट्या स्वतःच्या खर्चानं.

माझ्यासारख्या इंजिनिअरचं शुल्क दाव्याच्या 5 टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. आळीकडून मी काही घेत नाही, पण ही सोय कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या गावात ओळखीचा कुणी नाही, तिथे बाहेरून माणूस आणता येतो.

24 जुलै 2021

परवा चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. महाडजवळच्या तळियेत दरड कोसळून वाडीच गेली. आपल्या कौलांचं बोलायला आज जीभ रेटत नाही. वाडीतली पोरं धान्य आणि चादरी घेऊन चिपळूणला गेली आहेत.

सर्वेक्षकही तिकडेच असणार. आमच्या पाहणीचा अहवाल द्यायची त्यांची तीस दिवसांची मुदत कधीच उलटली.

14 ऑगस्ट 2021

अहवालाची प्रत मागून घेतली. ती मागायचा हक्क विमाधारकाला आहे, आपणहून देतीलच असं नाही.

आमच्या अहवालात दोन वाशांचे 8,600 वजा, ते मान्य. फुटक्या-तुटक्याच्या भंगाराचे 3,200 वजा, तेही मान्य, लाकूड आमच्याकडेच राहिलंय. ढिगारा हटवायचे 2,400 मिळवले. पण उरलेल्या लाकडावर 40 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, लावलाय, 12,960 रुपये. याला हरकत घेतली. पत्रात एवढंच लिहिलं: विमा रक्कम तुम्ही आजच्या बांधकाम खर्चावर धरली आणि हप्ताही त्यावर घेतला. पॉलिसी दुरुस्तीचा वाजवी खर्च द्यायचं म्हणते. सुतार मला जुन्या वाशाच्या भावात नवा वासा देत नाही. ज्या कलमाखाली घसारा कापलाय ते कलम दाखवा. सोबत एप्रिलचे त्या पाच वाशांचे फोटो आणि लाकूड वखारीचा दर.

आळीतल्या इतरांचीही पत्रं याच धर्तीवर गेली. शिव्याशाप नाहीत, वादळाचं वर्णन नाही. प्रत्येक ओळ एका कलमावर किंवा एका फोटोवर उभी.

12 सप्टेंबर 2021

गणपती बसले. मुंबईचे चाकरमानी आले, आणि अडलेल्या दोन घरांच्या सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या आरतीनंतर ओटीवर बसून झाल्या. एका घरात भावांचं बोलणं बंद होतं. थोरले म्हणाले, “सही देतो, पण पैसे छपरालाच लागले पाहिजेत.” धाकट्यानं कागदावर तसं लिहून दिलं.

8 ऑक्टोबर 2021

घसारा मागे घेतला. आमच्या खात्यात 1 लाख 26 हजार 740 जमा. काकूंचेही आले.

दादांच्या 1 लाख 20 हजारांच्या नुकसानीचे 60 हजार मंजूर झाले, सरासरीच्या कलमानं, आणि तेही बँकेमार्फत, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव आधी आहे. बँकेच्या शाखेत जाऊन ती रक्कम कर्जात वळती न करता दुरुस्तीला सोडायचं पत्र दिलं. व्यवस्थापकांनी ऐकलं.

एका घराचा दावा फेटाळला आहे. कारण दिलंय ‘देखभालीचा अभाव’. हे घर आमच्या एप्रिलच्या फेरीत राहून गेलेलं, फोटो नाहीत. पण त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे, त्याच अंगणातले, फेब्रुवारीचे फोटो मिळाले. मागे छप्पर स्वच्छ दिसतंय, ओळी सरळ, एकही कौल सरकलेलं नाही. सुतारकाकांकडून मागच्या वर्षीच्या शाकारणीची पावती लिहून घेतली. काम त्यांनीच केलं होतं आणि वहीत नोंद होती. कंपनीच्या तक्रार विभागाला अर्ज गेला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं.

21 नोव्हेंबर 2021

दुरुस्ती पूर्ण. पाऊस थांबल्यावरच कायमचं काम काढलं. कौलं मंगळुरी बनावटीची, जुन्यांच्या मापाशी जुळणारी शोधायला वेळ लागला. माप जुळलं नाही तर खाचा बसत नाहीत आणि पुढच्या वाऱ्यात तीच ओळ उठते. आढ्याची प्रत्येक आणि वळचणीच्या दोन्ही ओळींतली प्रत्येक कौल तारेनं बांधली. प्रत्येक वाशाला भिंतीवरच्या पट्टीशी लोखंडी पट्टी. पडवीच्या पत्र्यांना कडेनं दर नळीला बोल्ट, मधे एकाआड एक, खाली रबरी वायसर. सुतारकाका पट्ट्यांवर आधी नाराज होते, “लाकडाला लोखंड टोचता कशाला?” एक वासा दोघांनी मिळून उचलायचा प्रयत्न केला, हलला नाही. मग त्यांनी उरलेल्या सगळ्यांना स्वतःच पट्ट्या मारल्या.

नव्या छपराचे फोटो क्रमांकांसकट काढले. कौलं, लाकूड, पत्रे यांच्या मूळ पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात, आणि छायाप्रती पुण्याला.

फेटाळलेल्या दाव्यावर कंपनीनं पुन्हा सर्वेक्षक पाठवायचं कबूल केलंय, तारीख 2 डिसेंबर. तोवर त्या घराच्या मोडक्या वाशांवर ताडपत्री राहील. मार्चमध्ये आळीच्या बैठकीत विमा रकमेसाठी बांधकामाचा दर नव्यानं काढायचा आहे, लाकडाचा भाव वाढलाय. उरलेल्या घरांची मोजणी जानेवारीत, शाकारणीच्या आधी.